बरं वाटणं आणि बरं होणं: टीबीच्या सहा महिन्यांमागचं गणित

या आठवड्याच्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी बरंचसं बोललो तसंच आहे. ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही, त्यांनी निवांत वाचा.

आजचा विषय टीबी, म्हणजे क्षयरोग. मी डॉक्टर नाही, पुण्यात कोड लिहून पोट भरतो. पण काही वर्षांपूर्वी हा आजार मला झाला होता. ऑगस्टच्या मध्यात गोळ्या सुरू झाल्या आणि ७१व्या दिवशी मी त्या बंद केल्या. मला कुणी तसं सांगितलं नव्हतं. ताप गेला होता, खोकला गेला होता, वजन चार किलोनं वाढलं होतं आणि दिवाळीला सांगलीला घरी जायचं होतं. गोळ्यांची पाकिटं बॅगेत टाकायची राहून गेली, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे ती राहिली नव्हती, मी मुद्दामच टाकली नव्हती. इतकं छान वाटतंय, मग आता गोळ्या कशाला?

या प्रश्नाचं नीट उत्तर मला बऱ्याच उशिरा कळलं. तेच आज सांगतोय.

ताट वेगळं, पण खिडकी बंद

टीबीचा जंतू सापडल्याचं रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये जाहीर केलं. म्हणूनच २४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन. पण जंतू सापडला म्हणून औषध सापडलं असं झालं नाही. अमेरिकेतून डॉक्टर होऊन परतलेल्या आनंदीबाई जोशी १८८७ मध्ये पुण्यात क्षयानंच गेल्या, वयाच्या अवघ्या २१व्या वर्षी. जंतू माहीत होऊन पाच वर्षं झाली होती, आणि तरी कुणी काही करू शकत नव्हतं.

आता हा पसरतो कसा? फुप्फुसाचा टीबी झालेला माणूस खोकतो, शिंकतो, अगदी मोठ्यानं बोलतो, तेव्हा अतिशय बारीक थेंब हवेत जातात. ते इतके हलके असतात की बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात. तीच हवा दुसऱ्यानं श्वासातून घेतली की जंतू त्याच्या फुप्फुसात पोचतो. रस्त्यात क्षणभर शेजारून गेल्यानं सहसा काही होत नाही. रोज कित्येक तास एकाच कोंदट खोलीत राहिल्यानं होतं. ताट, वाटी, कपडे, हात मिळवणं, यातून टीबी पसरत नाही. आणि हाडाचा किंवा गाठीचा टीबी असेल आणि फुप्फुस निरोगी असेल, तर तो माणूस सहसा दुसऱ्याला आजार देत नाही.

माझं निदान झाल्यावर आई पुण्याला आली. तिनं पहिलं काम केलं ते माझं ताट-वाटी वेगळी काढायचं. दुसरं काम, खोलीची खिडकी लावून घ्यायचं. "अरे, गार वारा लागेल तुला." म्हणजे नेमकं उलटं झालं! ताट एकत्र चाललं असतं, खिडकी मात्र उघडी हवी होती. मोकळ्या हवेत थेंब विरून जातात आणि सूर्यप्रकाशात हा जंतू मरतो. रुग्णानं तोंडावर मास्क किंवा रुमाल ठेवला की बराचसा प्रश्न तिथंच मिटतो.

आईला हसण्याचा मला अधिकार नाही, कारण माझी चूक जास्त मोठी होती. निदानाआधी तीन आठवडे मी खोकत होतो आणि दोन्ही फ्लॅटमेट्सना "व्हायरल आहे रे" म्हणून सांगत होतो. मनात शंका आली होती, पण तो शब्द उच्चारायचा नव्हता. नंतर सांगावंच लागलं. दोघांची तपासणी झाली, एक्स-रे स्वच्छ आले. त्यातला एक जण दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मला टीबी झाला यावर तो चिडला नव्हता, मी लपवलं यावर चिडला होता.

जंतू शिरणं आणि आजार होणं

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जगातल्या सुमारे एक चतुर्थांश लोकांच्या शरीरात हा जंतू कधी ना कधी शिरला आहे, असा अंदाज आहे. त्यातल्या बहुतेकांना कधीच काही होत नाही, कारण शरीर त्याला एका कोपऱ्यात बंद करून ठेवतं. साधारण ५ ते १० टक्के लोकांना आयुष्यात केव्हातरी आजार होतो, आणि तो बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांत. कुपोषण, मधुमेह, एचआयव्ही, तंबाखू, दारू यांनी धोका वाढतो. आणि जगातल्या दर चार टीबी रुग्णांमागे साधारण एक भारतात आहे.

लक्षणं लक्षात ठेवा: दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी येणारा बारीक ताप, वजन घटणं, रात्री घाम, थुंकीत रक्त. यातलं काहीही असेल तर थुंकी तपासा. थुंकी म्हणजे तोंडातली लाळ नाही बरं का, छातीतून खोकून काढलेला बेडका लागतो. पहिल्या वेळी मी डबीत नुसती लाळ देऊन आलो होतो, परत बोलावलं.

पूर्वी काचपट्टीवर जंतू शोधायचे. जंतू कमी असले की निसटायचे. आता थेट त्याचा डीएनए शोधणारी यंत्रं आहेत. त्यातलं 'ट्रूनॅट' हे आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कंपनीनं बनवलेलं. ते बॅटरीवर चालतं, त्यामुळे लहान केंद्रातही ठेवता येतं. जंतू आहे की नाही एवढंच नाही, तर रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला तो दाद देईल का, हेही त्याच दिवशी कळू शकतं.

चार औषधं का?

आता खरा मुद्दा. टीबीवर पहिलं प्रभावी औषध मिळालं स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ मध्ये. ब्रिटनमध्ये त्याची रीतसर चाचणी झाली, निष्कर्ष १९४८ मध्ये आले. औषध आणि विश्रांती मिळालेल्या ५५ रुग्णांपैकी सहा महिन्यांत ४ दगावले. नुसती विश्रांती मिळालेल्या ५२ पैकी १४. मोठंच यश! पण पाच वर्षांनी पाहिलं तर दोन्ही गटांतला फरक जवळजवळ पुसला गेला होता. सुरुवातीला सुधारलेले रुग्ण पुन्हा आजारी पडत होते आणि आता त्यांच्या जंतूंवर स्ट्रेप्टोमायसिन चालत नव्हतं.

असं का? साधं गणित आहे. जंतूंची संख्या वाढताना त्यांच्यात आपोआप चुका होतात आणि एखादी चूक जंतूला औषधापासून वाचवते. आयसोनियाझिडपुरतं बोलायचं तर साधारण दहा लाखांत एक जंतू असा निघतो. रिफाम्पिसिनच्या बाबतीत साधारण दहा कोटींत एक. फुप्फुसात पोकळी झालेली असेल तर तिथं दहा कोटी जंतू सहज असतात. म्हणजे एकटं आयसोनियाझिड दिलं तर बाकीचे सगळे मरतील, पण शंभरएक उरतील, आणि त्यांना आता मोकळं रान. पुढच्या वेळी सगळी पैदास त्यांचीच.

दोन्ही औषधं एकदम दिली तर दोन्हींतून वाचणारा जंतू सापडायला दहा लाख गुणिले दहा कोटी, म्हणजे शंभर लाख कोटी जंतू लागतील. एवढे एका माणसात नसतातच. आमच्या कामात दोन वेगळ्या ठिकाणी बॅकअप ठेवतात, त्यामागचा विचार हाच. म्हणून सुरुवातीला चार औषधं एकाच गोळीत मिळतात: आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल. वजनाप्रमाणे किती गोळ्या ते ठरतं. मला रोज चार होत्या.

आणि सहा महिने का?

पोटातला ई. कोलाय जंतू अनुकूल स्थितीत वीसेक मिनिटांत एकाचे दोन होतो. टीबीच्या जंतूला त्याच कामाला १५ ते २० तास लागतात. तो आळशी आहे, आणि हा आळसच त्याला वाचवतो. बरीच औषधं वाढणाऱ्या जंतूवर जोरात काम करतात. जे जंतू जवळजवळ झोपलेले आहेत, त्यांच्यापर्यंत परिणाम पोचायला फार वेळ लागतो.

म्हणून होतं काय, पहिल्या काही आठवड्यांत वाढणारे जंतू झपाट्यानं मरतात. ताप उतरतो, भूक लागते, वजन वाढतं. साधारण दोन आठवडे नीट उपचार झाले आणि औषधं जंतूवर लागू पडत असली, की दुसऱ्याला लागण होण्याचा धोकाही बराच कमी होतो. हे बरं वाटणं खरंच असतं, भास नसतो. पण झोपलेले जंतू अजून आत आहेत. थुंकीत जंतू दिसत नाहीत याचा अर्थ इतकाच, की दिसण्याइतके उरलेले नाहीत. पुढचे चार महिने त्यांच्यासाठी असतात. पूर्वी हाच काळ दीड वर्ष आणि त्याहून जास्त होता. रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड आल्यामुळे तो सहा महिन्यांवर आला.

हिशेब असा: पहिले ५६ डोस चार औषधांचे, पुढचे ११२ डोस तीन औषधांचे. एकूण १६८. मोजायचे ते डोस, कॅलेंडरवरचे महिने नाहीत.

मध्येच सोडलं तर आजार उलटू शकतो. तो औषधांना दाद न देणारा होऊन परत आला, तर त्याला एमडीआर टीबी म्हणतात, म्हणजे आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन दोन्ही निकामी. यावर पूर्वी दीड-दोन वर्षं उपचार चालायचे, त्यातल्या काही इंजेक्शनांनी रुग्णांची श्रवणशक्ती जायची. आता बेडाक्विलिनसारख्या औषधांमुळे बऱ्याच रुग्णांचं सहा महिन्यांत भागू शकतं. तरी एक गोष्ट बदलत नाही: असा जंतू हवेतून जसाच्या तसा दुसऱ्याकडे जातो. ज्यानं आयुष्यात एकही डोस चुकवला नाही, त्यालाही पहिल्यापासून एमडीआर होऊ शकतो. मी दिवाळीत गोळ्या सोडल्या तेव्हा घरात माझी दीड वर्षाची भाची होती. हे मला तेव्हा सुचलंसुद्धा नाही.

घरी राहून बरं होता येतं, हे मद्रासनं दाखवलं

एकेकाळी टीबी म्हणजे सॅनेटोरियम, घरापासून लांब कित्येक महिने. १९५६ पासून मद्रासमध्ये डॉ. वॉलेस फॉक्स यांच्या नेतृत्वाखाली एक अभ्यास झाला. काही रुग्णांना सॅनेटोरियममध्ये ठेवलं, काहींना शहरातल्या त्यांच्या दाटीच्या, गरीब घरांतच गोळ्या दिल्या. १९५९ मध्ये निष्कर्ष आले: घरी राहिलेले रुग्ण जवळपास तितकेच बरे झाले आणि त्यांच्या घरच्यांना जास्त लागण झाली नाही. जगभरची उपचारपद्धत यानं बदलली. पण घरी राहायची मुभा मिळाली तशी रोजच्या गोळीची जबाबदारीही घरात आली.

ती सोपी नाही. रिफाम्पिसिननं लघवी नारिंगी होते, त्याला घाबरू नका. पण सतत मळमळ-उलट्या, डोळे पिवळे होणं, अंधुक दिसणं किंवा रंग ओळखायला अडचण येणं, हातापायाला मुंग्या, यातलं काही झालं तर लगेच डॉक्टरांना सांगा. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, रिफाम्पिसिननं त्यांचा परिणाम कमी होतो. गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करू नका, आणि त्रास अंगावरही काढू नका.

टाळण्याबद्दल थोडक्यात. बाळाला बीसीजी द्या. ती लहान मुलांना मेंदूच्या टीबीसारख्या गंभीर प्रकारांपासून वाचवते, मोठेपणी फुप्फुसाच्या टीबीपासून मात्र फारसं नाही. घरात रुग्ण असेल तर सगळ्यांची तपासणी करून घ्या. आजार नसलेल्यांना प्रतिबंधक गोळ्या मिळतात. आणि जेवण! झारखंडमध्ये झालेल्या एका अभ्यासात रुग्णांच्या घरच्यांना दरमहा तांदूळ-डाळ आणि जीवनसत्त्वं दिली, तर त्यांच्यात टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी आढळलं. हे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. सरकारी तपासणी आणि औषधं मोफत आहेत. आहारासाठी रुग्णाच्या खात्यात माझ्या वेळी महिना ५०० रुपये यायचे, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. राष्ट्रीय हेल्पलाइन आहे १८००-११-६६६६.

माझं पुढे काय झालं? अकराव्या दिवशी केंद्रातल्या ताईंचा फोन आला. "दादा, गोळ्या न्यायला आला नाहीत." आधी मी थाप मारली, की आहेत अजून शिल्लक. त्या काही बोलल्या नाहीत. मग मलाच कसंतरी झालं आणि खरं सांगून टाकलं. वाटलं, आता रागावतील. त्या म्हणाल्या, "उद्या या. येताना सकाळचा बेडका डबीत घेऊन या." तपासणीत काही निघालं नाही. चुकलेले अकरा डोस शेवटी जोडले गेले आणि फेब्रुवारीत माझा १६८वा डोस झाला. माझं नशीब बरं होतं, आणि ताईंनी यादी नीट ठेवली होती.

तुमच्या ओळखीत कुणी ७१व्या दिवसाच्या आसपास असेल, "आता मला काही होत नाही" म्हणत असेल, तर त्याला हा भाग पाठवा. आणि आठवड्यातून एकदा फोन करून विचारा, डोस कितवा झाला.

भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि खिडक्या उघड्या ठेवा.