विद्यापीठाचा संघ : लेखांक सातवा
बर्लिनच्या चिखलातील अंतिम सामना

नागपूर विद्यापीठाचा अंमल संपून १ मे १९८३ रोजी बुलढाणा जिल्हा अमरावती विद्यापीठाच्या हद्दीत आला. त्यानंतर पुरुषांचा बास्केटबॉल संघ कसा उभा राहिला, ती हकीकत या आठवड्यात सांगण्याचा संकल्प होता. परंतु मेहकरच्या एका वाचकांनी पत्राने असा प्रश्न केला आहे की, ज्या वऱ्हाडात आखाडा, मल्लखांब आणि हुतूतू यांचा एवढा अभिमान, त्या मुलखात हा परदेशी खेळ महाविद्यालयांच्या अंगणात शिरलाच कसा, आणि देशी खेळांच्या पुरस्कर्त्यांनी त्यास विरोध कसा केला नाही? हा प्रश्न मला इतका मार्मिक वाटतो की, त्याचे उत्तर दिल्यावाचून पुढे जाणे प्रशस्त नव्हे. १९८३ ची हकीकत एक आठवडा थांबेल.

उत्तराचा धागा शिक्षकांच्या परंपरेत सापडतो. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नायस्मिथ यांनी हा खेळ रचला, तो कोणा धनिकांच्या क्लबात नव्हे, तर शारीरिक शिक्षणाचे शिक्षक तयार करणाऱ्या शाळेत. अठरा विद्यार्थ्यांचे नऊ-नऊ जणांचे दोन संघ पाडून पहिला सामना झाला, आणि त्यातील एका संघाचा कप्तान डंकन पॅटन हा पुढे १८९४ च्या सुमारास हिंदुस्थानात येऊन हा खेळ येथे दाखविता झाला. त्याच शाळेत शिकलेले हॅरी क्रो बक यांनी १९२० साली मद्रास येथे वाय.एम.सी.ए.चे शारीरिक शिक्षण महाविद्यालय स्थापिले. नियमांचे पुस्तक डोक्यात आणि शिट्टी गळ्यात घेऊन निघालेला शिक्षक जेथे तैनात झाला, तेथे हा खेळ गेला, असा त्याच्या प्रसाराचा क्रम आहे.

आता अमरावतीकडे पाहावे. अंबादासपंत व अनंतराव या वैद्य बंधूंनी १९१४ साली ज्या संस्थेचा पाया घातला, ते श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आरंभापासून केवळ तालीमखाना म्हणून समाधान मानणारे नव्हते; व्यायाम शिकविणारे शिक्षक घडवून गावोगाव धाडावेत, हा त्यांचा ध्यास होता. स्प्रिंगफील्ड आणि अमरावती यांचे खेळ भिन्न, उपास्य भिन्न, परंतु कार्याची पद्धती एकच, असे माझे ठाम मत आहे. आणि म्हणूनच पुढे अमरावतीच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयातून पदवी घेऊन खेड्यापाड्यांत गेलेल्या शिक्षकास कबड्डीबरोबर बास्केटबॉल शिकविण्यात काहीच विसंगती वाटली नाही.

या दोन परंपरा एका प्रसंगी एकाच नगरात येऊन उभ्या राहिल्या होत्या, आणि तो प्रसंग माझ्या विशेष प्रीतीचा आहे. १९३६ साली बर्लिन येथे ऑलिंपिकच्या निमित्ताने मंडळाच्या पथकाने मल्लखांब, कबड्डी आदी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके युरोपीय प्रेक्षकांपुढे सादर केली. आणि त्याच ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलला पदकांच्या खेळांत प्रथमच स्थान मिळाले. चौऱ्याहत्तर वर्षांचे नायस्मिथ तेथे उपस्थित होते. त्यांच्या प्रवासखर्चासाठी अमेरिकेतील बास्केटबॉल प्रशिक्षकांनी वर्गणी जमविली होती. ७ ऑगस्टला इस्टोनिया आणि फ्रान्स यांच्या सामन्याचा चेंडू त्यांच्या हस्ते वर फेकला गेला. सामने मात्र उघड्यावर, टेनिसच्या मातीच्या मैदानांवर ठेवलेले! १४ तारखेस अंतिम सामन्याच्या वेळी पावसाने असा चिखल केला की, चेंडू आपटला तरी उसळेना, ड्रिबल करणे अशक्य झाले, आणि पूर्वार्धात १५-४ ने पुढे असलेल्या अमेरिकेला उत्तरार्धात कॅनडाइतकेच चार गुण मिळून निकाल १९-८ असा लागला. दुसऱ्याच दिवशी, १५ ऑगस्टला, ध्यानचंदांच्या संघाने जर्मनीला ८-१ ने हरवून हॉकीचे सुवर्णपदक घेतले. त्या गौरवाच्या प्रकाशात मंडळाच्या पथकाची कामगिरी वऱ्हाडाबाहेर विसरली गेली, याचे मला दुःख आहे.

अंतिम सामन्याचे वर्णन एवढ्या विस्ताराने करण्याचे कारण असे की, आपल्या जिल्ह्याच्या खेळाडूस ते परके वाटू नये. घाटावर, म्हणजे बुलढाणा, चिखली, मेहकरकडे, मुरमाची जमीन. तेथे रोलर फिरविला की चेंडू बऱ्यापैकी उसळतो. घाटाखाली, मलकापूर, नांदुरा, शेगावकडे, पूर्णेच्या खोऱ्याची काळी कसदार जमीन. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, खांब कलतात, आणि भूमीपासून ३.०५ मीटर उंचीवर बसविलेले कडे त्या उंचीवर राहीलच याची खातरजमा दरवर्षी नव्याने करावी लागते. अशा मैदानावर वाढलेला मुलगा ड्रिबलवर विसंबत नाही. तो चेंडू हातात येताच साथीदाराकडे फेकतो. नायस्मिथ यांच्या मूळ तेरा नियमांतही चेंडू घेऊन धावण्यास मनाई होती, जेथे तो मिळाला तेथूनच फेकावा लागे. सिमेंटचे कोर्ट प्रत्येक महाविद्यालयात झालेच पाहिजे, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. परंतु त्या मातीने शिकविलेला द्रुत आणि अचूक पास नव्या खेळाडूंनी टाकून देऊ नये, असेही मला तितक्याच आग्रहाने सांगावयाचे आहे.

पुढील लेखांकात १९८३. तत्पूर्वी एक विनंती. बुलढाणा, खामगाव, चिखली किंवा मलकापूर येथील महाविद्यालयांतून नागपूर विद्यापीठाचा कलर कोट ज्यांनी मिळविला, त्यांनी अथवा त्यांच्या कुटुंबीयांनी संघाचे छायाचित्र, प्रमाणपत्र किंवा महाविद्यालयाच्या वार्षिकांकातील संबंधित पान यांची प्रत, साल आणि महाविद्यालयाचे नाव लिहून पाठवावी. अस्सल कागद स्वतःजवळच ठेवावेत. प्रत पुरेशी आहे.