जुन्या मोटारीची तुंबलेली नळी

अँबॅसडर मोटार तयार होणं २०१४ साली थांबलं. प्रीमियर पद्मिनी त्याच्याही आधी बंद झाली, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या टॅक्स्यांतूनही तिनं निरोप घेतला. तरी तालुक्याच्या गावी, एखाद्या जुन्या वाड्यात, ताडपत्रीखाली अशी गाडी अजून उभी असते. वर्षभर झोपते, लग्नसराईत बाहेर निघते, आणि नेमकी चढावर आचके देत बंद पडते. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू. पुढं मैलभर गेलं की पुन्हा तेच. लोक म्हणतात, इंजिन म्हातारं झालं. बहुतेक वेळा इंजिनाचा काही दोष नसतो. ते बिचारं उपाशी असतं.

पेट्रोलची टाकी गाडीच्या मागच्या अंगाला, इंजिन पुढं. मधे गाडीच्या पोटाखालून एक बारीक धातूची नळी जाते, तिच्या टोकांना रबरी तुकडे. पुढं इंजिनाला लागून पंप. हा पंप म्हणजे आपला हापसाच समजा: आत एक पडदा वरखाली होतो, दोन झडपा असतात, आणि पेट्रोल ओढून कार्बोरेटरच्या छोट्या हौदात सोडलं जातं. नळी तुंबली तर हौद थेंबाथेंबानं भरतो. सपाटीवर तेवढ्यावर भागतं. चढावर खर्च वाढला की हौद रिकामा. गाडी थांबली की तो सावकाश भरतो, म्हणून ती पुन्हा सुरू होते. यात चमत्कार काही नाही.

कचरा येतो कुठून? पेट्रोल महिनोन्‌महिने पडून राहिलं की त्यातला हलका भाग उडून जातो आणि उरलेल्याची डिंकासारखी चिकट खळ होते. अर्ध्या टाकीत पावसाळ्याची दमट हवा शिरते, रात्री गार होऊन तिचं पाणी होतं. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते तळाशी बसतं आणि पत्र्याला गंज चढवतं. (शिक्षकमित्रांना हे वर्गात दाखवायचं तर पेट्रोल आणू नका, बाटलीत गोडं तेल आणि पाणी पुरे.) शिवाय आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी ओढून घेतं, आणि जुनं रबर त्यानं फुगतं, आतून सुटतं. कधी आतली साल सुटून झडपेसारखी नळीच्या तोंडावर बसते. बाहेरून नळी ठणठणीत दिसते.

आधी सोपं पाहावं. गाडी बंद पडली की टाकीचं झाकण उघडा. सुस्स असा आवाज येऊन गाडी लगेच नीट चालू लागली, तर झाकणातलं हवेचं छिद्र बुजलं आहे. नळीला हात लावायचं कारणच नाही. दुसरं, पंप पेट्रोल ओढतो, म्हणून मागच्या नळीला भेग असली तर पेट्रोल गळतंच असं नाही. उलट हवा आत शिरते. हापशाचा वायसर गेला की पाणी येत नाही, तसंच हे.

आता साफसफाई. गाडी उघड्यावर, सपाट जागी घ्या, इंजिन पूर्ण गार होऊ द्या, बॅटरीची तार काढा. गाडीखाली शिरायचं तर नुसत्या जॅकवर विसंबू नका, भक्कम ओंडके द्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत सरपटत उताराकडे जाते. म्हणून वीस पावलांवरची चूलही लांब समजू नका, आणि बिडीवाल्या मदतनिसाला आधी घरी पाठवा. तोंडानं नळी ओढायची आपल्याकडे फार सवय आहे. ती सोडा. पेट्रोल फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. चुकून कोणी गिळलंच तर उलटी करवू नका, सरळ दवाखाना गाठा.

टाकीतलं पेट्रोल पत्र्याच्या डब्यात काढून डबा झाकून दूर ठेवा. नळी दोन्ही टोकांना सोडवा: टाकीपाशी आणि पंपापाशी. हे महत्त्वाचं. पंप जोडलेला ठेवून टायरवाल्याची हवा मारली तर आतला पडदा फाटतो, आणि दोन रुपयांचं काम दोनशेला पडतं. पुढच्या टोकाला पायपंप लावून हवा मागं सोडा, म्हणजे कचरा आला त्याच वाटेनं जातो. मागच्या टोकाशी फडकं धरा. त्यावर तांबूस भुकटी नि काळी चिकटण दिसेल. हवा मोकळी येईपर्यंत हे करा. जाड तार खुपसू नका, गंजलेली नळी आतून फाटते. नळी फार गंजली असेल तर बदलणंच स्वस्त. रबरी तुकडे मात्र सगळे बदला, इथेनॉलला टिकणारे मागून घ्या.

टाकीचा तळ पाहिल्याशिवाय गाडी जोडू नका. तिथं गंज असेल तर आज साफ केलेली नळी पुढच्या महिन्यात पुन्हा तुंबेल. पंपाची जाळी धुवा, नवा फिल्टर बसवा, नवं पेट्रोल भरा, सगळे सांधे कोरडे आहेत का ते बोट फिरवून पाहा, आणि मगच बॅटरीची तार जोडा. पहिल्या पन्नास मैलांनंतर फिल्टर उघडून बघा. त्यात पुन्हा तांबडं दिसलं तर टाकी उतरवून मिस्त्रीकडे न्या. झाळकाम करायचं झालं तर मात्र ती आधी पुरती धुऊन वाफमुक्त झाल्याची खात्री त्याच्याकडूनच करून घ्या. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त भडकते.