पायडल नसलेली सायकल

एकोणीस वर्षांची होईपर्यंत मला सायकल येत नव्हती. कॉलेजात कुणाला कळू नये म्हणून ‘मला बसच बरी पडते’ असं सांगून मी वेळ मारून न्यायची. सहावीत असताना आमच्या गल्लीच्या उतारावर पडले, हात मोडला आणि माझ्यापुरती सायकल तिथंच संपली.

या मे महिन्यात माझा साडेतीन वर्षांचा भाचा सुट्टीला बेळगावला आला. त्याच्याबरोबर एक गमतीची सायकल होती. दोन चाकं, हँडल, सीट सगळं होतं, पण पायडल नाही आणि चेनही नाही. हीच बॅलन्स बाइक. मुलानं सीटवर बसायचं, दोन्ही पाय जमिनीला टेकवायचे आणि चालायला लागायचं. जमलं की पळायचं. वेग आला की पाय उचलून धरायचे. आमचे हे महाशय अंगणात सुसाट जायचे आणि मी भिंतीला टेकून बघायची.

ही कल्पना आजची नाही. जर्मनीतल्या मॅनहाइममध्ये कार्ल ड्राइस यांनी १८१७ साली लाकडाचं असंच दुचाकी यंत्र तयार केलं. ते पायानं जमीन रेटत चालवायचं. पुढच्या चाकाला पायडल लावलेल्या सायकली पॅरिसमध्ये दिसू लागल्या त्या १८६० नंतरच्या दशकात. म्हणजे माणूस आधी तोल शिकला, पायडल मागाहून आलं. मुलांना मात्र आपण उलटं शिकवतो.

आपण काय करतो? सायकलला बाजूची दोन छोटी चाकं लावतो. त्यानं पोर पडत नाही हे खरं, पण सायकल झुकतही नाही, आणि सगळी गोम झुकण्यातच आहे. तळहातावर काठी उभी धरून बघा. काठी ज्या बाजूला कलते त्याच बाजूला आपण हात नेतो, तेव्हा ती उभी राहते. सायकलचं तसंच. उजवीकडे कलली की हँडल किंचित उजवीकडे वळवायचं. चाकं आपल्या वजनाखाली येतात आणि सायकल सावरते. घाबरलेला माणूस नेमकं उलट करतो. तो पडण्यापासून लांब पळायला हँडल दुसऱ्या बाजूला ओढतो आणि आपटतो. सहावीत मी हेच केलं होतं!

बाबांना हे सगळं सांगितलं तर ते हसले. म्हणाले, “यात नवीन काय गं? आम्ही तासावर भाड्याची सायकल आणायचो. डावा पाय पायडलवर, उजव्यानं जमीन रेटायची, लंगडी घालत जायचं. तोल आला की मग नळीखालून पाय घालून हाफ पायडल.” म्हणजे आपल्याकडची रीतही आधी तोलाचीच होती.

घरात लहान मूल असेल तर काही गोष्टी बघून घ्या. सीटवर बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट टेकले पाहिजेत, गुडघे किंचित वाकलेले. सायकल इतकी हलकी असावी की पडली तर मुलाला स्वतः उचलता येईल. जागा सपाट, रहदारी नसलेली हवी. पायांत बूट, डोक्यावर हेल्मेट. आणि मागून सीट धरून पळू नका. तोल त्याचा त्यालाच सापडू दे.

नवीन सायकल घ्यायलाच हवी असंही नाही. छोट्या सायकलीची पायडलं काढली आणि सीट खाली केली की झालं. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, एवढं ध्यानात ठेवा. सोपी खूण म्हणजे दोन्हीकडे पान्याचं वरचं टोक मागच्या चाकाकडे फिरवायचं. पायडल सुटतं.

मीही तेच केलं. वहिनीच्या जुन्या लेडीज सायकलची पायडलं काढली, सीट पार खाली घेतली आणि पहाटे, ओळखीचं कुणी भेटायच्या आत, भाच्याला घेऊन मैदानावर गेले. पहिले दोन दिवस नुसती चालत होते. तिसऱ्या दिवशी तो पुढं जाऊन थांबला आणि ओरडला, “आत्या, पाय उचल की!” उचलले. पाच-सहा हात गेले असेन, पण पडले नाही. आठवड्यानं पायडलं परत बसवली.

आता कॉलेजला सायकलनं येते. गल्लीचा तो उतार आला की अजून उतरून चालते. भाचा दिवाळीला येणार आहे, तोवर तेवढं जमवायचं आहे.