दूरगावचा मुलगा आणि आजारी माय

मंडळी, गोंदियाजवळच्या मुर्रीसारख्या गावात म्हातारी माय असते आणि मुलगा पोटापाण्यासाठी नागपूरला नाहीतर पुण्याला. मायला कर्करोग झाला, तो अंगात पसरला, आता हटायचा नाही असे डॉक्टरांनी सांगितले. मुलगा रोज फोनवर विचारतो, "माय, कशी आहेस?" ती म्हणते, "बरी आहे रे बाबू." मुलाला घोर नको म्हणून ती दुखणे गिळते. मग दुरून करायचे तरी काय? पुष्कळ करता येते.

पहिले म्हणजे, प्रश्न बदला. "दुखणं रुपयात किती आणे आहे?" असे विचारा. जुन्या माणसांना आण्यांचा हिशेब बरोबर कळतो. काल चार आणे होते आणि आज बारा आणे झाले, तर डॉक्टरांना कळवायलाच हवे. झोप लागली का, पोट साफ झाले का, हेही विचारा, आणि घरच्यांना ते वहीत तारीखवार लिहायला सांगा.

दुसरे, वेदनेचे औषध. रोग बरा होत नाही म्हणजे उपाय संपले, असे नव्हे. त्रास कमी करणे हाही उपचारच; त्याला उपशामक उपचार म्हणतात. साधी औषधे पुरेनाशी झाली की डॉक्टर मॉर्फिन देतात. ते अफूपासून होते म्हणून लोक भितात. पण वेदनेसाठी डॉक्टरांच्या मापाने घेतले तर त्याचे व्यसन सहसा लागत नाही. साध्या गोळीचा गुण सुमारे चार तास टिकतो. म्हणून कळ उठण्याची वाट न पाहता, डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या वेळी गोळी द्यावी. तिने शौचाला घट्ट होते. त्यावरचे औषधही मागून घ्यावे. मॉर्फिन प्रत्येक दुकानात मिळत नाही. २०१४ साली कायदा सुधारला आणि मान्यताप्राप्त रुग्णालयांना ते ठेवणे सोपे झाले. ते जवळ कुठे मिळेल, याची चौकशी गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयात करावी. हे काम मुलाने दुरूनच अंगावर घ्यावे.

तिसरे, सेवा करणाऱ्या माणसाचा विचार. धानाच्या रोवणीत घरच्या सुनेला उसंत नसते, त्यात रात्रीचे जागरण. पैसे पाठवता तसे चार दिवस बहिणीला, मावशीला पाठवा. सुनेला फोनवर हुकूम सोडू नका, "वहिनी, तुम्ही जेवलात का?" एवढे तरी विचारा.

आणि शेवटचे. तेराव्याला आठ दिवसांची रजा काढणारच ना? त्यातले चार दिवस आधीच काढा, माय बोलती आहे तोवर. काय राहिले, काय हवे, शेवटी घरीच राहायचे का, हे तिच्याच तोंडून ऐका.

गुरुजी, तुमच्या गावात असे घर असेल तर संध्याकाळी डोकावून या. गोळ्यांच्या वेळा मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून भिंतीला लावून द्या. दूरच्या मुलाला त्याचा मोठा आधार होईल.