परळमध्ये लागलेला माग

‘मूल राहायच्या आधीपासूनच फॉलिक ॲसिडची गोळी कशाला?’ असं एका वाचक भगिनीने विचारलं आहे. उत्तर सोपं आहे. गर्भाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात ती पहिल्या २८ दिवसांतच मिटते, आणि तोवर कित्येकींना दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. त्या घाईत नवा डीएनए बनवायला फॉलिक ॲसिड, म्हणजे ब-९ जीवनसत्त्व, हाताशी असावं लागतं.

पण या गोळीची कुळकथा आपल्या परळची आहे, आणि ती मुंबईकरांनाही ठाऊक नसते याची मला चुटपुट वाटते. १९२८ साली ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईत आल्या. गरोदर गिरणी कामगार बायका पांढऱ्याफटक पडत, काही दगावतही. रक्तातल्या लाल पेशी कमी, पण असतील त्या वाजवीपेक्षा मोठ्या! विल्सबाईंनी त्यांच्या जेवणाची चौकशी केली: भाजीपाला, फळं, दूध यांची वानवाच. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांनी उंदरांना तसलंच अन्न घातलं, तर उंदरांच्या उवांतून पसरणाऱ्या जंतूने प्रयोगाचा घोळ केला. मग माकडं आणली. एक माकड काही केल्या सुधारेना, तेव्हा त्याला मार्माइट चारलं. दारूच्या भट्टीत उरलेल्या यीस्टचा हा खारट, काळपट अर्क. माकड टुणटुणीत झालं! पुढे बायकाही बऱ्या झाल्या आणि १९३१मध्ये शोधनिबंध आला.

खरी गंमत पुढची. यकृताच्या कच्च्या अर्कानेही गुण येई, शुद्ध केलेल्याने येत नसे. म्हणजे शुद्ध करताना जे टाकून देत होते तेच औषध! ते फॉलिक ॲसिड १९४१मध्ये पालकातून वेगळं काढलं गेलं. १९४५च्या सुमारास ते प्रयोगशाळेत बनवणाऱ्या चमूचे प्रमुख होते आंध्रचे येल्लाप्रगड सुब्बराव. त्यांनाही आपण विसरलोच.

डाळी, हरभरे, पालेभाज्या यांत हे भरपूर असतं; पण भाजी उकडून पाणी ओतून दिलं की बरंचसं मोरीत जातं. हल्ली फॉलिक ॲसिडऐवजी ‘ॲक्टिव्ह फोलेट’च्या महागड्या गोळ्यांचा बोलबाला आहे. मात्र आधीच्या बाळात ती नळी नीट न मिटण्याचा दोष असलेल्या मातांवर झालेल्या, १९९१च्या गाजलेल्या चाचणीत धोका ७२ टक्क्यांनी घटला तो साध्या फॉलिक ॲसिडने. शाकाहारींनी मात्र ब-१२ही तपासून घ्यावं: नुसत्या फॉलिक ॲसिडने रक्त सुधारलेलं दिसतं, आणि मज्जातंतूंची हानी आत चालूच राहते.