माणूस गेला, कागद राहिले

अकोल्याहून आगगाडीने नागपूरला निघालात, की वर्ध्याच्या पुढे बुटीबोरी स्टेशन लागतं. जवळच टाकळघाट. तिथे सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीची दगडांची वर्तुळं आहेत. ४ सप्टेंबर १८६३ला ती पाहून स्टीफन हिस्लॉप नावाचे स्कॉटिश पाद्री घोड्यावरून परतत होते. वाटेत नाल्याला पूर! घोडा परत आला. हिस्लॉप मात्र आले नाहीत.

ते १८४५ साली नागपुरात आले होते. त्यांनी शाळा काढली, जीवाश्म गोळा केले. गोंडांचे शब्द, चालीरीती टिपून ठेवल्या. गोंडांचा आद्य गुरू लिंगो याची लांबलचक गाथा एका परधानाकडून उतरवून घेतली. परधान म्हणजे गोंडांचे गायक. त्यांना ती तोंडपाठ!

हिस्लॉप गेले, तेव्हा हे कागद अपुरेच होते. रिचर्ड टेंपल यांनी ते जुळवून १८६६ साली छापले, म्हणून ते वाचले. पुस्तकावर नाव हिस्लॉपचं. पण गाथा पिढ्यान् पिढ्या सांभाळली ती परधानांनी, हे विसरू नका.

तुमच्या आजीला जात्यावरच्या ओव्या येतात ना? मग आजच वही काढा. ओवीखाली तारीख घाला आणि आजीचं नावही लिहा, बरं का!