वारसाचा कागद

मृत्युपत्र हा शब्द आपल्या वस्त्यांतून सहसा कुणी उच्चारत नाही. एक तर तो अशुभ वाटतो. दुसरे म्हणजे, मागे ठेवण्यासारखे आपल्याजवळ आहेच काय, असा जुना न्यूनगंड मनात ठाण मांडून बसला आहे. ज्या समाजाला धन साठवण्याचीच धर्माज्ञेने बंदी होती, त्याने वारशाचा विचार करायचा तरी कशाला? पण रबाळ्याच्या औद्योगिक पट्ट्यात तीस वर्षे पाळ्या केलेला कामगार आज मरतो तेव्हा रिकाम्या हाताने जात नाही. भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बँकेतली ठेव, विमा, वस्तीतली खोली आणि गावाकडच्या सातबाऱ्यावर बापाच्या नावात अडकलेली एखादी एकरभर जमीन, एवढे तो मागे ठेवतो. ते कुणाच्या हाती पडणार हे शेवटी कागदावरून ठरते, आणि कागदाची वाट ज्याला ठाऊक तो पुढे सरकतो. ती वाट आपल्या बायाबापड्यांना ठाऊक व्हावी, एवढ्यासाठी हा लेख.

प्रथम प्रोबेटविषयी. मृत्युपत्र शाबीत झाले असा न्यायालयाचा शिक्का म्हणजे प्रोबेट. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानुसार मुंबईच्या हद्दीत केलेल्या, किंवा तेथील स्थावर मिळकतीबाबतच्या, हिंदू-बौद्धांच्या मृत्युपत्राला ते घ्यावेच लागे. ठाणे जिल्ह्यातले रबाळे त्या हद्दीत कधीच नव्हते. खाडीच्या अलीकडे केलेल्या व अलीकडच्याच मिळकतीच्या मृत्युपत्राला ही सक्ती नव्हती. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने सक्तीचे ते कलम २१३ च काढून टाकले. मृत्युपत्रावर वाद असेल तर प्रोबेट आजही मागता येते. पण ‘प्रोबेटशिवाय तुमचे काही होणार नाही’ असे सांगून कुणी पैसे मागू लागला, तर कोणत्या कलमाने, एवढे त्याला जरूर विचारावे.

आपल्यातली बहुतेक माणसे मृत्युपत्र न करताच जातात. मग १९५६ चा हिंदू वारसा कायदा लागतो. नावात हिंदू असले तरी तो बौद्धांनाही लागू आहे. अनुसूचित जमातींना मात्र तो सरसकट लागू नाही. पुरुष वारला तर त्याच्या स्वतःच्या मिळकतीत विधवा, मुलगे, मुली आणि आई यांचे हक्क सारखे. मागे बायको, दोन मुलगे, एक मुलगी आणि म्हातारी आई असेल तर पाच समान वाटे पडतात. मुलीचे लग्न झाले म्हणून तिचा वाटा बुडत नाही. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतही महाराष्ट्राने १९९४ साली व संसदेने २००५ साली मुलीला जन्मतः हक्क दिला.

पहिले लग्न कायम असता केलेले दुसरे लग्न कायद्याला मान्य नाही. गावाकडे एक संसार आणि शहरात दुसरा, असे जेथे आहे तेथे दुसरीला पत्नी म्हणून वारसा मिळत नाही. तिच्या मुलांना मात्र बापाच्या मिळकतीत हक्क आहे. आयुष्यभर सोबत राबलेल्या त्या बाईला काही द्यायचे असेल तर मृत्युपत्राशिवाय दुसरी वाट नाही.

आता दारे कोणती ठोठवावीत ते पाहू. पहिला कागद मृत्यूच्या दाखल्याचा. माणूस जेथे वारला तेथली नोंद लागते. रबाळ्याचा कामगार मुंबईच्या इस्पितळात वारला तर दाखला मुंबई महानगरपालिकेचा, नवी मुंबईचा नव्हे. दुसरी गोष्ट नामनिर्देशनाची. बँकेच्या ठेवीवर ज्याचे नाव घातले तो रक्कम उचलतो, पण तेवढ्याने मालक होत नाही. इतर वारसांचा हक्क उभाच राहतो. विम्याचे वेगळे. २०१५ च्या दुरुस्तीपासून आईवडील, पती-पत्नी किंवा मुले यांचे नाव असेल तर रक्कम त्यांच्याच हक्काची ठरते. म्हणून धडधाकट असतानाच प्रत्येक कागदावर कुणाचे नाव आहे ते पाहून ठेवावे.

नामनिर्देशन नसेल आणि रक्कम मोठी असेल, तर बँक ‘उत्तराधिकार प्रमाणपत्र’ मागते. ते न्यायालय देते, आणि केवळ येणे रकमा व रोखे यांच्यापुरते. मृताचे नेहमीचे वास्तव्य जेथे होते त्या हद्दीतल्या न्यायालयात अर्ज करायचा. वारसपण ठरवून देणारा ‘वारस दाखला’ निराळा. तो आपल्याकडे अजून १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली मिळतो. जमीन संपादनानंतर साडेबारा टक्के योजनेतला भूखंड मागणाऱ्या मूळ गावकऱ्यांच्या वारसांनाही हाच दाखला काढावा लागतो. दोन्ही अर्जांत नोटीस निघते व हरकतीला मुदत असते. कुणी वारस लपवला तर तेथेच उभे राहून बोलले पाहिजे.

रबाळ्यातून गावाकडे जावे तर तेथे तलाठी. २०२४ पासून त्यांचे नाव ग्राम महसूल अधिकारी. वारसाने तीन महिन्यांच्या आत कळवावे असे जमीन महसूल संहिता, १९६६ सांगते. वारसांची नावे गाव नमुना ६-क मध्ये, फेरफार नमुना ६ मध्ये, हितसंबंधितांना नोटीस, मग मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी आणि शेवटी सातबारा, असा हा प्रवास. फेरफार चुकीचा मंजूर झाला तर साठ दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करता येते. २०२५ साली शासनाने ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली, ती मेलेल्या खातेदारांची नावे सातबाऱ्यावर तशीच राहिली होती म्हणून.

आणि येथेच आपली खास अडचण उभी राहते. जुन्या दप्तरात आजोबाचे आडनावच नाही. नावापुढे जात लिहिलेली. १९५६ च्या धर्मांतरानंतर अनेकांनी कचरू, दगडू, धोंड्या ही नावे टाकून दिली. गावच्या कागदावर एक माणूस, कारखान्याच्या हजेरीपटावर दुसरा, आणि दोघे एकच हे सिद्ध करण्याचा भार विधवेवर! यासाठी शाळेचा दाखला, जातीचा दाखला, राजपत्रातला नावबदल आणि प्रतिज्ञापत्र यांची जुळणी माणूस जिवंत असतानाच करून ठेवावी. जमीन जुन्या महार वतनाची असेल तर आणखी एक ध्यानात ठेवावे. १९५८ च्या कायद्याने वतन गेले आणि जमीन अटी घालून परत मिळाली. निर्बंध विक्रीवर आहेत. वारसाची नोंद ही विक्री नव्हे. परवानगीचे कारण पुढे करून नोंद अडवली तर लेखी कारण मागावे.

पण सारा दोष दप्तराला कसा द्यावा? भावांची नावे कब्जेदारात आणि आई-बहिणींची ‘इतर हक्कात’, ही रीत आपल्याही घरांनी निमूट उचलली. बहीण माहेरी आली की साडी-चोळी देऊन हक्कसोडपत्रावर सही घ्यायची, आणि न दिली तर माहेर तोडायचे! गावकुसाबाहेर ज्यांना ठेवले त्यांनीच आपल्या लेकीला सातबाऱ्याबाहेर ठेवावे, याला काय म्हणावे?

मृत्युपत्र साध्या कागदावर होते. मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. केली तर बरी. करणाऱ्याची सही वा अंगठा आणि दोन साक्षीदार मात्र हवेतच. साक्षीदार शक्यतो वयाने लहान व लाभ नसलेले असावेत. हे हत्यार दुधारी आहे. स्वकष्टाच्या मिळकतीतून त्याने मुलीला वगळताही येते. अंत्यविधीनंतर कुणी अचानक असा कागद पुढे केला तर घाबरून सही करू नये. तो खरा आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी पुढे करणाऱ्याचीच असते.

वकिलाला द्यायला पैसा नाही, ही सबबही आता उरलेली नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला आणि कोणत्याही स्त्रीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. १९९० पासून बौद्धांचाही अनुसूचित जातींत समावेश आहे. ठाण्याच्या जिल्हा प्राधिकरणाकडे किंवा तालुका समितीकडे अर्ज द्यावा.

हिंदू कोड बिल अडले तेव्हा, १९५१ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मंत्रिपद सोडले. त्या बिलाच्या गाभ्याशी लेकीचा वारसा होता. त्यांच्या जयंतीचा मंडप घालणाऱ्या प्रत्येक घराने आपल्या सातबाऱ्यावर, बँकेच्या पुस्तकावर आणि विम्याच्या कागदावर बाईचे नाव कोठे आहे, एवढे या वर्षी तपासून पाहावे.